ओली कण्हेर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२९ जुलै १९९८

अण्णा,

पाचवी पाकळी आत्ताच चाकूने खरवडून काढली आणि तोच हात पुसून लिहायला घेतलाय. कागदाला पांढरं लागलं असेल तर तो रंग आहे. वाळायला आठवडा घेईल, शर्टाच्या खिशात घालू नकोस.

तुझी चिठ्ठी मी पुन्हा वाचली. कॅलेंडरएवढं चित्र, तेलरंगात, पांढऱ्या कण्हेरीचं एकच फूल, चार दिवसांत. तुझ्याकडे मागावरून कापड उतरतं तसं चित्र उतरत नाही. या हवेत तेलरंगातलं पांढरं चार दिवसांत वाळतसुद्धा नाही. शिवाय जी. डी. आर्ट झाल्यापासून मी तेलरंगाला हात लावलेला नाही. शाळेत मुलींना पोस्टर कलर शिकवते. जुन्या ट्यूब काढल्या तर निम्म्या दगड झालेल्या. उरलेल्यांची झाकणं सोमेशने पकडीने काढून दिली. काढता काढता म्हणाला, तुझ्या माहेरी फुलाचं चित्र काढून आईला जेवायला घालतात काय? नवऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तूच कळव.

मला नीट कळलंय का ते बघ. मागच्या दारची कण्हेर तू तोडलीस, कारण नवे चार माग बसवायला शेड वाढवायची होती. अव्वा माझ्याकडून परत आली, तिने रिकामी जागा बघितली, काही बोलली नाही. पण लग्न होऊन आल्यापासून तिचा नेम आहे. हातावर लिंग घेऊन पूजा, त्यावर कण्हेरीचं फूल, आणि त्यानंतरच शिजवलेलं अन्न. फूल नाही, म्हणून आता तुझ्या घरातलं शिजवलेलं ती खात नाही. केळी, दूध आणि भिजवलेले शेंगदाणे. पूजेला आलेले अय्या म्हणाले, झाड डोळ्यांपुढे आणा आणि मनाने फूल वाहा. तू त्यांना विचारलंस, डोळ्यांपुढे आणायला चित्र चालेल का. ते म्हणाले चालेल. मला वाटतं त्यांना गाडी गाठायची असणार.

आता माझा प्रश्न. अव्वा माझ्याकडे होती तेव्हा शेजारच्या धोंडुबाईंच्या दारातली कण्हेर चालत होती. सकाळी स्वतः जाऊन फूल तोडायची, पूजा करायची आणि भाकरी खायची. मग तुझ्याकडेच हे का? हा नेम नव्हे, राग आहे. झाडाला हात लावण्याआधी तू तिला विचारलं नाहीस.

आणि मलाही सांगितलं नाहीस. 'शेडचं काम चाललंय, धूळ आहे, अव्वाला आणखी आठ दिवस ठेवून घे,' एवढंच कळवलंस. मी ठेवून घेतलं. ती निघते म्हणाली तेव्हा मी तिची पिशवी माळ्यावर लपवली. धूळ कसली ते मला आता कळतंय.

रविवारी येते आणि तिच्याशी बोलते. तोवर पाकळी जमली तर जमली.

निर्मला


॥ ॐ नमः शिवाय ॥
इचलकरंजी
१ ऑगस्ट १९९८

चि. सौ. निर्मला हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी येऊ नकोस. अव्वाची तब्येत नाजूक आहे. तू आलीस की ती बोलायला लागेल, बोलायला लागली की रडेल, आणि बी.पी. वाढेल. डॉक्टरांनी सांगितलंय. थोडे दिवस तू समोर नकोस. तुझी आठवण काढते, पण आत्ता नको. फोनही करू नकोस. फोन तिच्या खाटेशेजारी आहे आणि शेडमधल्या फोनवर मागांमुळे काही ऐकू येत नाही. लिहिशील ते कृष्णातबरोबर पाठव. त्याची गाडी रोज दुपारी इथे येते. कंडक्टर असला तरी माणूस आपला आहे, चहा पिऊन जातो.

विचारलं नाही म्हणतेस. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. मग चार माग काय उघड्यावर बसवायचे होते?

मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. नर्सरीतून पांढऱ्या कण्हेरीच्या दोन कुंड्या आणल्या. तिने त्या दाराबाहेर ठेवायला लावल्या आणि जाणाऱ्या पाहुण्याला देऊन टाकल्या. बाजारातून फुलं आणली, तर म्हणाली, धा जणांनी हाताळल्याली हायत. शेवटी मी म्हटलं, धोंडुबाईंच्या झाडाचं फूल कृष्णातबरोबर रोज मागवतो. तर म्हणाली, कंडक्टरच्या पिशवीतनं आल्यालं फूल लिंगाला ब्याड. ब्याड म्हणजे ब्याड. तिने कानडीत नको म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तुला माहीत आहे.

म्हणून चित्र. अय्यांचा शब्द ती मोडणार नाही. फक्त फूल काढ, पानं नकोत, लवकर होईल. पांढऱ्याला असा किती वेळ लागतो? फ्रेम इथे करून घेऊ.

तुझा,
रुद्रेश


शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ ऑगस्ट १९९८

अण्णा,

पांढऱ्याला किती वेळ लागतो ते सांगते.

पांढरं फूल पांढऱ्या रंगाने काढता येत नाही. ट्यूबमधलं पांढरं जसंच्या तसं लावलं की भिंतीला पुट्टी भरल्यासारखं दिसतं. कण्हेरीची पाकळी बघत बसलं की तिच्यात हिरवं दिसतं, देठाकडे पिवळं, जिथे ती दुसरीखाली जाते तिथे राखाडी, आणि राखाडीत थोडं जांभळं. या सगळ्यात खरं पांढरं तांदळाएवढ्या दोन-तीन जागी असतं. ते शेवटी लावायचं. आधी लावलं की ब्रशला लागून सगळीकडे पसरतं. मी दोनदा आधी लावलं. दोन्हीदा सगळं पुसून काढलं. तोवर धोंडुबाईंनी दिलेलं फूल दुपारी कोमेजायला लागायचं. दुसऱ्या दिवशी नवं फूल, नवा आकार, आधीच्या पाकळ्यांशी त्याचं काही नातं नाही. खाली तालमीत पोरं फुटबॉलच्या मॅचवरून भांडत होती. मी खिडकीतून ओरडले तर त्यातलाच एक म्हणाला, म्याडम, तुमचं चित्र हललं व्हय?

असो. चित्र झालंय. वाईट नाही. एवढ्या वर्षांनी काढलं त्या मानाने बरंच बरं आहे, आणि हे तुला कळणार नाही म्हणून मीच सांगते. पितळी वाटीत फूल ठेवलंय. वाटीच्या काठावर फुलाची सावली पडली आहे, ती एका दुपारी आपोआप जमली.

कृष्णात चित्र उभं धरून आणेल. त्याला चारदा सांगितलंय की ओलं आहे. तो म्हणाला, ताई, बाळ आणल्यागत आणतो. तुझ्याकडे आल्यावर भिंतीला मोकळं टेकवून ठेव. हात लावू नकोस. वर वर्तमानपत्र टाकू नकोस. उन्हात ठेवू नकोस, म्हणजे लवकर वाळेल म्हणून ठेवशील, म्हणून सांगते.

अव्वाला दाखव आणि काय म्हणाली ते शब्दाला शब्द कळव. मला ते हवंय.

निर्मला


इचलकरंजी
१२ ऑगस्ट १९९८

चि. सौ. निर्मला हिस आशीर्वाद.

चित्र मिळालं. हातकणंगल्याला कुणाची तरी पिशवी टेकली, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात वाटीपाशी थोडं पुसल्यासारखं झालंय. कृष्णात वाईट वाटून घेत होता. सौंदर्या म्हणाली, फोटोसारखं आलंय. मलाही आवडलं.

अव्वाच्या खोलीत नेलं. तिने चष्मा लावला, उठून खिडकीपाशी नेऊन बघितलं. बराच वेळ बघत होती. मला वाटलं काम झालं. मग म्हणाली, "वाटीतलं फूल हाय ह्ये. वाहून झाल्यालं. निर्माल्य कुणी परत वाहतं व्हय?"

मी म्हटलं, अव्वा, ते नुसतं ठेवलंय, अजून वाहिलेलं नाही. ती म्हणाली, ठेवल्यालं कुणी बघितलंय? तोडलं म्हणजे कुणाच्या तरी हातनं गेलंच की.

तेव्हा आता फांदीवरचं काढ. न तोडलेलं. त्यात तिचं चूक नाही, हे मलाही पटलं. पानं आली तरी चालतील.

दुसरं म्हणजे तिला वास येतोय. इचार तिला, म्हणाली, कशानं काढलंय ते. तेल कसलं, कापड कसलं, सगळं लिहून घे. लगेच कळव.

केळी आणि दूध चालूच आहे. पोलकी ढगळ झाली आहेत. सौंदर्याने दोन पोलकी शिवून आत घेतली.

रुद्रेश


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१५ ऑगस्ट १९९८

अण्णा,

शाळेत झेंडावंदन करून आले आणि लिहायला घेतलं. तुझं पत्र बुधवारीच मिळालं. उभ्यानेच वाचलं. बसले असते तर उठले नसते.

माझ्या चित्राला परीक्षक भेटले, प्राचार्य भेटले, सासरचे भेटले. निर्माल्य कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी चित्राची आठवण काढली तर मलाही ते फूल वाहून झालेलं वाटायला लागलं. आता दुसऱ्या कशासारखं दिसत नाही. याबद्दल मी अव्वाला कधी माफ करणार नाही.

फांदीवरचं सुरू केलंय. धोंडुबाईंच्या दारात स्टूल टाकून बसते. त्या चहा देतात आणि फुलापेक्षा त्यांचा चेहरा काढावा असं सुचवतात. वारा आला की फांदी हलते. वारा नसला की मुंग्या येतात.

वासाचं. वास जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा आहे. जवस म्हणजे आपण चटणी करतो तेच, हे तिला सांग, बरं वाटेल. टर्पेंटाइन झाडाचं. कापड सुती, तुझ्या मागावरचं असतं तरी चाललं असतं. कापडाला खाली खडू आणि सरस लावलेला आहे. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा. आणि ब्रश डुकराच्या केसांचा. तेलरंगाला तोच लागतो, जगात सगळीकडे तोच वापरतात, त्यात माझा दोष नाही. सरसापासून पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे. अव्वाला जवस आणि टर्पेंटाइन एवढंच सांग. बाकी बोलू नकोस. बोललास तर पुढचं चित्र मी काढत नाही.

मला यायचंय. तिची पोलकी ढगळ झाली म्हणून लिहितोस आणि येऊ नको म्हणतोस. डॉक्टर कोण आहेत त्यांचं नाव कळव, मी त्यांना विचारते.

निर्मला


इचलकरंजी
१८ ऑगस्ट १९९८

सौ. निर्मलावन्संना सौंदर्याचा नमस्कार.

तुमच्या भावाला न सांगता लिहितेय. तुमचं पत्र आलं तेव्हा ते शेडमध्ये होते. अव्वांनी विचारलं, निम्मा काय लिहिती? त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचायला घेतलं. मी आधी वाचून मग मोठ्यानं वाचायला पाहिजे होतं. पण त्या समोर बसलेल्या, आणि मी वाचत गेले. डुकराचे केस तोंडातून गेल्यावर थांबले, पण तोवर गेलेलेच होते. त्या उठल्या, थंड पाण्यानं अंघोळ केली, लिंग धुतलं. चित्र आता शेडमधल्या ऑफिसात आहे, तोंड भिंतीकडे करून. आम्ही कापड विकणारी माणसं, तिथं येणारा प्रत्येक जण ते फिरवून बघतो आणि छान आहे म्हणतो.

हे सांगायला लिहीत नाही. दुसरं सांगायचं आहे.

काल सोमवारी धुणं धुताना अव्वा दगडावरच खाली बसल्या. डोळे फिरले होते. मी आणि आकारामनं धरून आत आणलं. आकाराम म्हणजे आमचा जॉबर, माग दुरुस्त करतो तो. साखरपाणी दिलं. डॉक्टर काल पहिल्यांदा घरी आले. त्याआधी कुठल्याही डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही.

त्या पडल्या होत्या तेव्हा मी म्हटलं, अव्वा, निर्मलावन्संना बोलावून घेते. तर म्हणाल्या, "तिला ब्याड. लेकीनं मला धरून ठिवलं आन् लेकानं झाड तोडलं. दोघांनी मिळून. माझी पिशवी लपवली तिनं, ती काय धूळ हाय म्हणून?"

वन्सं, त्यांचा राग झाडाचा थोडा आणि तुमचा जास्त आहे. परत आल्या त्या दिवशी झाडाची जागा बघून त्यांनी तुमच्या भावाला एकच विचारलं होतं, निम्माला ठावं हुतं? हे म्हणाले, आमचं दोघांचं बोलणं झालं होतं. मी तिथंच होते, ताक घुसळत होते. बोलणं झालं होतं हे खरं, पण कशाचं झालं होतं ते यांनी सांगितलं नाही. तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे मला तुमच्या पहिल्या पत्रावरून कळलं. शर्ट धुताना ते यांच्या खिशात सापडलं, तेव्हा मी वाचलं. शर्टाला पांढरा डाग पडला आहे, तो निघत नाही.

मी अव्वांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तू नणंदेची बाजू घेणारच. माझं ऐकणार नाहीत. सांगायचं तर ज्यांनी केलं त्यांनीच सांगायला पाहिजे.

तुम्ही चित्रं पाठवत बसू नका. कितीही चांगलं काढलं तरी त्या काहीतरी खोट काढणार.

तुमची,
सौंदर्या


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२० ऑगस्ट १९९८

अण्णा,

मी तुझ्यासाठी पहिलं चित्र काढलं तेव्हा मला वाटलं अव्वाला फूल हवंय. दुसरं सुरू केलं तेव्हा वाटलं तिला चांगलं चित्र हवंय. मी धोंडुबाईंच्या दारात मुंग्या झटकत बसले होते, आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ती माझ्या हातचं काहीही घेणार नाही. तरी माझ्याकडूनच काढून घेतलंस. कोल्हापुरात एवढे पेंटर पडलेत, त्यातल्या एकाला सांगितलं असतंस तर निदान फूल देवाला लागलं असतं.

'तुझी आठवण काढते' म्हणून लिहिलंस. कशी काढते ते मला कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, आणि घरात त्यावरून कुणाला बोलू नकोस.

अव्वाला सांग. तुझ्या तोंडाने सांग. निर्मलाला झाडाचं माहीत नव्हतं, मी तिला धूळ म्हणून सांगितलं, एवढी दोन वाक्यं आहेत. चार माग बसवण्यापेक्षा सोपं काम आहे.

मी येऊन सांगितलं तर ती म्हणेल आता अंगाशी आल्यावर आली. म्हणून येत नाही. तू सांगितलंस की त्याच दिवशी येते.

निर्मला

ता. क. दुसरं चित्र चालू आहे. नायलॉनचे ब्रश आणले आहेत, त्यांनी रंग नीट ओढला जात नाही. कापडाला सरसाऐवजी डिंक लावला. तडे जातील. जाऊ देत. हे चित्र तुझ्यासाठी नाही.


इचलकरंजी
२४ ऑगस्ट १९९८

चि. सौ. निर्मला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू शिकलेली आहेस, भाषा जपून वापरावी.

मी खोटं काही बोललो नाही. आपलं बोलणं झालंच होतं. अव्वाने ते कसं घेतलं त्याला मी काय करणार? आणि तू तरी कधी विचारलंस, शेडची धूळ एवढे दिवस कशी काय असते म्हणून?

सांगणार नाही असं माझं म्हणणं नाही. पण उद्या गणपती. घरात माणसं येणार. त्यांच्यासमोर हे काढू? गणपती होऊ देत. मग योग्य वेळ बघून सांगतो. सांगून तरी काय होणार आहे, झाड काय परत येणार आहे?

त्यापेक्षा दुसरं चित्र लवकर पाठव. डुकराशिवाय काढलंयस ना? ते मी तिला आधीच सांगून ठेवलंय. नायलॉनचा ब्रश आहे म्हटल्यावर काही बोलली नाही. म्हणजे नरमली आहे. फुलाजवळ एक कळी काढ, उद्याच्या पूजेला फूल आहे असं वाटेल. ही कल्पना माझी आहे.

वजन आणखी उतरलंय. डॉक्टर सलाइन लावू म्हणतात. ती म्हणते हात लावून बघ.

रुद्रेश


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२६ ऑगस्ट १९९८

अण्णा,

कळी काढणार नाही. चित्र पाठवणार नाही. सलाइनची वाट बघू नकोस.

सांग.

निर्मला


इचलकरंजी
३० ऑगस्ट १९९८, संध्याकाळ

चि. सौ. निर्मला,

सांगितलं. कसं सांगितलं तेही लिहितो, नाहीतर तुला खरं वाटणार नाही.

आज दुपारी सौंदर्याने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः केळं सोलून घेतलं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आजपासून मी पण. तुम्ही जेवा, भाजी चांगली झालीय. शांभवी ते बघून म्हणाली, मला पण केळं. बायको, पोरगी आणि आई केळी खातायत आणि मी भाकरी मोडतोय. दोन घास गेले नाहीत.

अव्वा खोलीत नव्हती. शेडमध्ये गेली होती. झाड होतं तिथे आता नवा माग आहे. त्याच्यापुढे उभी होती, धोटा कसा जातो येतो ते बघत. मी जवळ जाऊन म्हटलं, निर्मलाला झाडाचं ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, काय? शेडमध्ये तुला माहीत आहे कसा आवाज असतो. मी मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, ऐकू येईना. मी तिला बाहेर चल म्हटलं, तर जागची हलेना. तिसऱ्यांदा मी ओरडलो, निर्मलाला काही माहीत नव्हतं, मी तिला धूळ आहे म्हणून सांगितलं. तोवर आकारामने काहीतरी झालं असं समजून सगळे माग बंद केले होते. माझं शेवटचं अर्धं वाक्य शांततेत गेलं. सगळे कामगार बघायला लागले.

अव्वा माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हैनाभर त्या पोरीला बोल लावला मी, तवा तोंड शिवलं हुतं व्हय तुझं?"

  मी आकारामकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. मी इतकंच म्हटलं की आता जेव. चित्र मागवून घेतो, नायलॉनचं आहे.

ती म्हणाली, "माग चालू कर. गडी उभं ऱ्हायल्यात."

आणि गेली. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवलीही नाही. सौंदर्याशी स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मी गेलो की दोघी गप्प.

तू म्हणालीस म्हणून केलं. आता पुढे काय ते तू सांग. हे पत्र देवळीत ठेवतो, उद्या दुपारी कृष्णातबरोबर पाठवतो. चित्र त्याच्याच हाती परत दे. कामगार तोंडावर हसत नाहीत एवढंच.

रुद्रेश


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३१ ऑगस्ट १९९८

अण्णा,

आज सकाळी पहिल्या गाडीने अव्वा आली. तुझं कालचं पत्र देवळीतून उचलून तिनेच आणलं. वाच म्हणाली. सगळं वाचून दाखवलं. 'लई लांबड लावलंय' म्हणाली. मग स्वतःची पिशवी माझ्या हातात दिली.

दुसरं चित्र घरात लाकडी स्टँडवर होतं. ओलं आहे म्हटलं तरी तिने पाकळीला बोट लावून बघितलं आणि बोट पदराला पुसलं. मग अंघोळ केली, धोंडुबाईंच्या दारातलं फूल स्वतः तोडून आणून पूजा केली आणि माझ्यासमोर बसून दीड भाकरी आणि मुगाची आमटी खाल्ली. आता झोपली आहे.

वैनींना ती सांगून आली आहे. त्यांना आता जेवायला हरकत नाही. तुला इतक्यात कळवू नको, दोन दिवस शोधू दे, असं तिचं म्हणणं आहे. म्हणून हे कृष्णातकडे न देता पोस्टाच्या पेटीत टाकते.

निर्मला